रफ नावाचं फोल्डर

बॅकअपचं सॉफ्टवेअर मला विचारत होतं, काय घ्यायचं आणि काय वगळायचं. पडद्यावर आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरची सगळी फोल्डरं एकाखाली एक उभी होती आणि प्रत्येकापुढे एक रिकामा चौकोन. चौकोनात टिक केली की ते फोल्डर इंटरनेटवरून नाशिकला, माझ्या धाकट्या दिराच्या कॉम्प्युटरवर जाणार. टिक नाही केली तर इथेच राहणार, आणि इथली हार्ड डिस्क मरायला टेकली होती. शेजारच्या खुर्चीत माझा नवरा गळ्याला पांढरा रुमाल बांधून बसला होता. नवऱ्याला मी आयुष्यभर ‘हे’ म्हणत आले, इथेही तसंच लिहिते. पुढच्या आठवड्यात संभाजीनगरच्या दवाखान्यात ह्यांचं स्वरयंत्र काढून टाकणार होते. म्हणजे त्यानंतर ह्यांचा आवाज जगात एकाच जागी उरणार होता, त्या कुरकुरणाऱ्या डबड्यात.

आमचा धंदाच आवाजाचा. बुलढाण्यात आणि भोवतालच्या गावांत रिक्षा फिरते, तिच्यावर भोंगा असतो, आणि भोंग्यातून कोणीतरी भारदस्त आवाजात साड्यांचा सेल, शाळेचे प्रवेश, हरिनाम सप्ताह, जयंतीची मिरवणूक, नाहीतर नळाला पाणी येणार नसल्याची सूचना सांगत जातो. तो कोणीतरी म्हणजे आमचे हे. दुकानामागे एक छोटी खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, दाराला जुनी गोधडी लटकवलेली. हे माइकपुढे बोलायचे आणि मी कॉम्प्युटरवर बसून चुका कापायची. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद ठेवावा लागे, त्यामुळे दोघंही घामाने निथळायचो. शेजारचा वेल्डिंगवाला नेमका तेव्हाच मशीन लावायचा. त्याला ह्यांनी घातलेल्या शिव्याही मलाच कापाव्या लागत.

ह्यांना दोन आवाज होते. माइकपुढचा आवाज शुद्ध, गोल, एकेक अक्षर धुऊन पुसून ठेवलेलं. माइकपासून तोंड वळलं की दुसरा, धाड गावाकडच्या खेड्यातला, आईच्या मांडीवर शिकलेला. तरुणपणी हे एका मोठ्या शहरात आवाजाच्या चाचणीला गेले होते. तिथल्या माणसाने सांगितलं की आवाज छान आहे, पण भाषेचं काहीतरी करा. बोलता बोलता ‘मले’ निघून गेलं होतं म्हणे, आणि काचेच्या पलीकडचे दोघं हसले. तेव्हापासून हे वर्षानुवर्षं सकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे. भाषा एवढी साफ केली की गिऱ्हाईक विचारायचं, तुम्ही पुण्याचे का? त्या दिवशी ह्यांना जेवण गोड लागायचं. मला मात्र त्या शुद्ध आवाजाशी संसार करायचा नव्हता. माझा संसार दुसऱ्या आवाजाशी झाला होता.

कॉम्प्युटरमध्ये कामाची फोल्डरं तीनच. ‘तयार’मध्ये पूर्ण झालेल्या जाहिराती. ‘गावं’मध्ये सुटे शब्द: आजूबाजूच्या तालुक्यांतलं एकूण एक गाव, सगळे वार, आकडे, महिने, सकाळी, सायंकाळी, सर्वांनी, अवश्य. तीच जाहिरात देऊळघाटला फिरायची असो की हिवरा आश्रमाला, नुसतं गाव बदलून जोडून द्यायचं, पुन्हा बोलायला नको. आणि तिसरं ‘रफ’. त्यात जे कापलं ते सगळं. हे फार जपून असत, गिऱ्हाइकाचा कार्यक्रम पार पडेपर्यंत काही पुसू द्यायचे नाहीत. पुसलं आणि कार्यक्रमात विघ्न आलं तर? कार्यक्रम पार पडायचे, पण मग पुसायची आठवण कोणाला राहते. त्यामुळे कित्येक वर्षांचा ‘रफ’ साठत गेला होता.

घसा बसला तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं. बोलणाऱ्याचा घसा बसणारच. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, कोणी सांगितलं म्हणून लवंग जाळून मधात झाली. आवाज पत्र्यावर खराटा फिरवल्यासारखा झाला आणि घोटही अडकायला लागला तेव्हा कुठे दुर्बिणीतून तपासलं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. गळ्याला एक छिद्र राहील, त्यातून श्वास घेतील, जगतील, सगळं खातील, पण बोलणं जाईल. मी विचारलं, सगळं? त्या म्हणाल्या, सगळं.

नंतर समजूत घालायला माणसं येत गेली. जीव वाचतोय ना, आवाजाचं काय घेऊन बसलात. त्यांना चहा करून द्यायची, पण कप रागाने आपटूनच ठेवायची. आम्हाला मूलबाळ नाही. घरात बोलणारी माणसं दोन, त्यातलं एक आता गप्प होणार होतं. आणि तोपर्यंत ह्यांच्या गळ्यातून खरखर सोडून काही निघत नव्हतं, त्यामुळे आता नव्याने रेकॉर्ड करून ठेवावं म्हटलं तरी वेळ निघून गेली होती. फोन तपासले. दिवसभर एका खोलीत बसणारी माणसं एकमेकांना बोलके निरोप कशाला पाठवतील? जे दोन-चार व्हिडिओ होते त्यात ह्यांच्या हातात माइक, म्हणजे तोच धुतलेला आवाज. घरातला आवाज फक्त ‘रफ’मध्ये होता, चुकांच्या अधेमधे.

अशात कॉम्प्युटर अडखळायला लागला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. फाइल उघडायची म्हटलं की आतून टक-टक आवाज यायचा आणि पडदा गोठायचा. पेन ड्राइव्ह लावून पाहिला, दोन फाइली गेल्या की कॉपी मध्येच मरायची. दीर नाशिकला कॉम्प्युटरचंच काम करतो. त्याने फोनवरूनच आमच्या मशीनवर ते बॅकअपचं सॉफ्टवेअर बसवून दिलं. ते जिथे अडकेल तिथून पुढे पुन्हा सुरू होतं, रोज दुपारी एक फेरी करतं आणि टिक केलेलं तेवढंच उचलतं. पण त्याने मला बजावलं.

“वैनी, डिस्कचं काही खरं नाई. जेवढं लागते तेवढंच घ्या, बाकी वगळा. अन् उगाच फाइली उघडून पाहू नोका, प्रत्येक डाव ते झिजून राह्यली.”

वगळणं आधी सोपं वाटलं. गाणी वगळली, पिक्चर वगळले. सनई, तुतारी, टाळ्या, जाहिरातीमागे लावायचं सगळं संगीत वगळलं, ते कुठेही मिळतं. जुन्या गिऱ्हाइकांचे फोटो वगळले. ‘गावं’ला टिक केली, कारण त्याच्यावर पुढचं पोट होतं. ह्यांचा गळा गेला तरी सुटे शब्द जोडून जाहिराती देता येणार होत्या. ‘तयार’ला टिक केली. ‘रफ’ला टिक केली आणि मला जरा श्वास आला. तेवढ्यात ह्यांनी माझ्या हाताखालून माउस ओढून घेतला आणि ती टिक काढली.

मी पुन्हा केली. ह्यांनी पुन्हा काढली. दोन लहान पोरं पाटीसाठी भांडतात तसं आम्ही त्या चौकोनासाठी भांडलो. ह्यांचं म्हणणं खरखरत, तुकड्या-तुकड्यांनी येत होतं: डिस्कवर ताण नको, ‘रफ’ सगळ्यात मोठं आहे, ते घ्यायला गेलं तर ‘गावं’पण हातचं जाईल. ही झाली सांगायची कारणं. खरं कारण मला माहीत होतं. आयुष्यभर जी भाषा गिऱ्हाइकापासून लपवली ती भावाच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसणार, कोणीतरी कधीतरी ऐकणार.

“मागं काय ठेवावं मानसानं?” हे म्हणाले. “चांगलं असते तेच ना? ते गावंढळ कोन ऐकते?”

“मी ऐकते,” मी म्हटलं. “मले तेच पायजे.”

ह्यांनी मान फिरवली. मग मी एक करायला गेले आणि भलतंच झालं. मला वाटलं, ह्यांना एकदा ऐकवावं. स्वतःचा तो धडधाकट, हसरा, खेडवळ आवाज कानावर पडला की विरघळतील. मी ‘रफ’मधली एक फाइल उघडली, कुठली ते न बघता. नावं नव्हतीच, नुसत्या तारखा आणि आकडे होते. बराच वेळ टक-टक झाली आणि मग स्पीकरमधून ह्यांचा आवाज आला, संथ, जड: “…यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले असून त्यांची अंत्ययात्रा राहत्या घरून…” मग कागद चाळल्याचा आवाज, आणि लगेच दुसऱ्या आवाजात: “थांब, गल्ली चुकली. पुन्यांदा घेतो.”

आमच्याकडे मयतीची खबरही रिक्षा फिरवून देतात. ते काम हे कधी नाकारायचे नाहीत, पण त्याचा नेम कडक. मयतीचं रेकॉर्डिंग दुकानात मुक्कामाला राहता कामा नये. रिक्षा फिरून आली की दिवस मावळायच्या आत पुसायचं, मग नळावर तोंड धुऊनच पुढचं काम. तयार फाइल मी न चुकता पुसायची. कापलेले तुकडे मात्र आपोआप ‘रफ’मध्ये जात होते, हे इतक्या वर्षांत ना ह्यांच्या लक्षात आलं ना माझ्या. गावातल्या कितीतरी मयती आमच्या त्या फोल्डरात अर्ध्या-अर्ध्या पडून होत्या.

ह्यांचा चेहरा उतरला तो मी विसरणार नाही. उठून हे नळावर गेले, तोंड धुतलं, आले आणि बसले.

“म्या ऑपरेशनले जाऊन राह्यलो,” हे म्हणाले, “अन् तू मयती सांभाळून ठेवते? त्याच्यातलं एक बी पुढं जाऊ देऊ नोको. सोगन हाये माही.”

मी खूप बोलले. मला या गोष्टींचा राग येतो, मी मेहकरकडची, आमच्या घरी असलं काही पाळत नसत. पण उद्या-परवा सुरीखाली जाणाऱ्या माणसाने शपथ घातल्यावर ती मोडायची कशी? समजा मोडली आणि काही झालं, तर? मी हिंमतवान आहे असं माझं मला वाटायचं. तेव्हा कळलं की आपली हिंमत दुसऱ्यांच्या मयतीपुरती असते. मी टिक केली नाही.

पण सोडलंही नाही. मी म्हटलं, मयती निवडून बाहेर काढते, मग तर झालं? ह्यांनी मान हलवली, हो. मग मी एक वेगळं फोल्डर केलं, त्याला टिक केली आणि ‘रफ’मधली एकेक फाइल ऐकायला बसले. मयत निघाली तर पुसायची, नसेल तर नव्या फोल्डरात टाकायची. नावावरून काही कळत नव्हतं, ऐकावंच लागायचं. आणि ऐकलं की डिस्क झिजायची. ऐकल्याशिवाय वाचत नव्हतं आणि ऐकून मरत होतं. तांदूळ निवडताना ताटच हातात वितळायला लागलं तर बाईने काय करावं? मी देवाला शिव्या दिल्या, दिराला दिल्या, ज्या गुटख्याने ह्यांचा गळा खाल्ला त्याची पहिली पुडी बांधणाऱ्यालाही दिल्या.

कानाला हेडफोन लावून मी बसे. कानात ह्यांचा तो भरलेला आवाज आणि समोर खुर्चीत हे, गप्प, दवाखान्याच्या पिशवीत कपडे भरत. कानातले हे वेल्डिंगवाल्याला ओरडत, “बंद कर ना बे, दोन मिनिटं!” कानातले हे भेंडीत मीठ जास्त झाल्याचं सांगत, ‘भव्य आणि दिव्य’ म्हणता म्हणता खो-खो हसत, एकदा तर माझ्याशी कडकडून भांडत होते, माझ्या माहेरावरून. मला ते भांडण एवढं गोड लागलं की मी ते दोनदा ऐकलं, डिस्कची पर्वा न करता. मग एखादी मयत निघायची, मी ती पुसायची, आणि पुसताना त्या तुकड्याच्या शेवटी ह्यांनी घरच्या आवाजात टाकलेले दोन शब्दही पुसले जायचे. तेवढेच कापून ठेवायला वेळ नव्हता. पहिल्या दिवशी मूठभर फाइली निवडून झाल्या आणि दुपारच्या फेरीत नाशिकला पोचल्या. दिराचा फोन आला, आल्या म्हणून. मला वाटलं, जमेल.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बसून मी पुष्कळ निवडल्या. नवं फोल्डर भरत होतं आणि मी घड्याळाकडे बघत होते, कधी दुपार होते आणि फेरी निघते. फेरीआधी लाइट गेली. आमच्याकडे लाइट जाणं ही काही बातमी नव्हे, मी हेडफोन काढला आणि पुठ्ठ्याने वारा घेत बसले. लाइट आली तेव्हा कॉम्प्युटर सुरूच होईना. काळा पडदा आणि आतून टक-टक, टक-टक. मी बटण दाबत राहिले. ह्यांनी येऊन माझा हात बटणावरून बाजूला केला.

ती डिस्क पुढे दिराने पुण्याला एका माणसाकडे पाठवली. आतल्या चकत्या खरवडल्या गेल्यात, काही निघत नाही, असं उत्तर आलं. तेव्हा आम्ही दवाखान्यात होतो. मी तो निरोप ह्यांना सांगितला नाही, पण माझ्या तोंडावरून ह्यांना कळलं असावं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ह्यांनी माझा हात धरला आणि काहीतरी बोलले. ती नुसती हवा होती, एक अक्षर मला कळलं नाही. मी परत विचारायच्या आत स्ट्रेचरची गाडी आत नेली.

ऑपरेशन नीट झालं. हे वाचले, आहेत, भाकरी खातात, बाजारातून मेथी निवडून आणतात. गळ्याच्या छिद्रावर जाळीचा रुमाल बांधतात. मी खोटं बोलणार नाही, जीव वाचल्याचा आनंद मला झाला आणि आजही आहे. पण घरातली शांतता पहिले काही महिने मला खायला उठायची. ह्यांना काही हवं असलं की टाळी वाजवतात. मोठं काही सांगायचं असलं तर फोनवर लिहून दाखवतात, आणि लिहितात तेही शुद्ध, अनुस्वारासकट. मला ते वाचून कधी कधी एवढा संताप येतो की मी फोन उलटा ठेवून देते.

दुकान चालू आहे. नवा कॉम्प्युटर आणला, नाशिकहून ‘तयार’ आणि ‘गावं’ परत आली. आता जोडकाम हे स्वतः करतात. गिऱ्हाइकाने मजकूर दिला की सुट्या शब्दांतून जाहिरात बांधतात, आणि धाडच्या बाजारात ह्यांचा आवाज अजून फिरतो, पहिल्यासारखाच भारदस्त. ज्यांना माहीत नाही त्यांना कळतही नाही. मूठभर वाचलेल्या रफ फाइलीही आल्या. त्यात वेल्डिंगवाला आहे, माइकची वायर आहे, एक शेळी आहे जी दारात येऊन ओरडते आणि हे तिला हाकलतात. हे सगळ्यांशी बोलतात. माझ्याशी बोललेली एकही फाइल त्यात आली नाही, तसल्या सगळ्या दुसऱ्या दिवशी निवडलेल्यांत होत्या.

परवा दुपारी मी दुकानात पुढच्या बाजूला भेंड्या चिरत बसले होते. गिऱ्हाईक नव्हतं. हे सकाळपासून आतल्या खोलीत दार लावून काहीतरी करत होते, मला वाटलं कोणाचं अर्जंट काम असेल. आणि एकदम आतल्या स्पीकरमधून आवाज आला.

“अवं.”

ह्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. आयुष्यभर हाक ती एवढीच. माझ्या हातातली भेंडी तशीच राहिली. मी उठून आत गेले तर पडद्यावर एका जुन्या सेलच्या जाहिरातीतला ‘अवघ्या दोन दिवसांसाठी’ उघडा होता आणि त्याचे बारीक बारीक तुकडे केलेले होते. ‘अवघ्या’तला सुरुवातीचा ‘अव’ कापून, कुठल्यातरी गावाच्या नावातला नाकातला सूर त्याला जोडून, ह्यांनी ते बनवलं होतं. नीट ऐकलं तर जोड कळत होता. स्वर जाहिरातीचाच होता, साऱ्या बाजाराला सांगितल्यासारखा.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बटण पुन्हा दाबलं.

“अवं.”

“काय म्हनता?” मी म्हटलं. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून आपसूक निघालं.

ह्यांचा हात माउसवर गेला. पडद्यावर सगळी गावं होती, सगळे वार, सगळे आकडे. हे वरपासून खालपर्यंत शोधत गेले, आणि मी उभी राहिले, ऐकायला.